सल आणि शल्य: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी बावीस वर्षं सर्जिकल वॉर्डात परिचारिका होते. आता जखमांची शुश्रूषा कशी करावी हे घरी रुग्ण सांभाळणाऱ्यांना शिकवते. सुरुवातीचे प्रश्न ड्रेसिंगचे, टाक्यांचे असतात. तासाभरात कुणीतरी हळूच विचारतं, "सिस्टर, पण मनातलं काढायचं कसं?" तेव्हा मी 'सल' या शब्दाकडे वळते, कारण तो दोन्हीकडचा आहे. पुन्हापुन्हा येणारे प्रश्न आणि माझी उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

'सल' हा खरंच वैद्यकातला शब्द आहे का?

हो. संस्कृतात शल्य, प्राकृतात सल्ल, मराठीत सल. शल्य म्हणजे आधी बाणाचं किंवा भाल्याचं टोक, मग काटा, मग शरीरात घुसून अडकलेली कुठलीही वस्तू. ती बाहेर काढण्याची विद्या ते शल्यतंत्र. आयुर्वेदाची आठ अंगं मोजताना सुश्रुतसंहिता शल्यतंत्राला पहिलं स्थान देते. आजही आपण शल्यविशारद, शल्यचिकित्सा म्हणतो, पण त्यातला बाण आता कुणाला दिसत नाही.

घरात मात्र हा शब्द जिवंत आहे. "टाचेत काहीतरी सलतंय" आणि "तिचं ते बोलणं मला अजून सलतं" ही दोन वाक्यं एकच माणूस एकाच दिवशी बोलतो. क्रियापद तेच. आपण उपमा देतोय असं बोलणाऱ्याला वाटतही नाही.

शस्त्रक्रिया आणि शल्यक्रिया यांत फरक आहे का?

व्यवहारात नाही, एकाच अर्थाने वापरले तरी चालतं. पण मला शल्यक्रिया हा शब्द जास्त आवडतो. 'शस्त्रक्रिया' म्हटलं की डोळ्यांसमोर सुरी येते आणि 'शल्यक्रिया' म्हटलं की आत अडकलेली ती वस्तू. रुग्णाला त्रास त्या वस्तूचा होत असतो.

तो सल की ती सल?

तो सल. 'मनातला सल', 'जुना सल'. शल्य नपुंसकलिंगी आहे: 'ते शल्य'.

काट्याचं टोक आत राहिलं तर शरीर नेमकं काय करतं?

शरीर त्याला बाहेरचं म्हणून ओळखतं आणि स्वस्थ बसत नाही. पहिल्या काही तासांत तिथला रक्तपुरवठा वाढतो, जागा लाल होते, गरम लागते, सुजते. पांढऱ्या पेशी धावून येतात. जंतू असतील तर त्या लढाईत पू होतो. पुवाच्या लोंढ्याबरोबर टोक कधीकधी आपोआप बाहेर पडतं.

तसं झालं नाही तर शरीर दुसरा मार्ग धरतं. मोठ्या भक्षक पेशी त्या वस्तूभोवती गोळा होतात. एकटीला ती गिळता येत नाही म्हणून अनेक पेशी एकमेकींत मिसळून महाकाय पेशी तयार होतात, त्यांच्याभोवती तंतूंचं वेष्टण चढतं आणि एक टणक गाठ बनते. याला ग्रॅन्युलोमा म्हणतात. वरून कातडी नीट दिसते. दाबलं की कळ येते.

वस्तू कोणती हेही महत्त्वाचं. काच किंवा धातूचा गुळगुळीत तुकडा काही वेळा वर्षानुवर्षं शांत पडून राहतो. लाकूड, काटा, कुसळ अशा झाडाझुडपांच्या गोष्टी मात्र शरीराला फार चिडवतात. त्यात आणखी एक अडचण अशी की काच आणि धातू साध्या एक्स-रेत बहुधा दिसतात, लाकूड सहसा दिसत नाही. "एक्स-रेत काही नाही" असं ऐकून परतलेला रुग्ण दोन महिन्यांनी तीच सूज घेऊन येतो, हे मी अनेकदा पाहिलंय. अशा वेळी सोनोग्राफी करून पाहता येते. आणि जखम मातीची असेल तर धनुर्वाताची लस कधी घेतली होती हे आठवा. आठवत नसेल तर डॉक्टरांना तसं सांगा.

टाचेतल्या कुरूपाबद्दलही विचारतात. बहुतेक कुरुपं पादत्राणाच्या सततच्या दाबाने आणि घासण्याने होतात. काटा मोडून राहिल्यावर येणारी गाठ वेगळी असते. दोन्हींवर ब्लेड चालवू नका, मधुमेह असेल तर मुळीच नाही.

मनातल्या कडवटपणाला सल म्हणणं ही नुसती कवीकल्पना नाही का?

मलाही कित्येक वर्षं तसंच वाटायचं. मग आमच्याकडच्या एका ज्येष्ठ सर्जनांनी सुश्रुतातलं एक वाक्य दाखवलं. यंत्रांचं वर्णन सुरू होतं तिथे, म्हणजे चिमटे, पकडी, नळ्या अशी १०१ उपकरणं मोजण्याच्या जागी, शल्याची व्याख्या येते: मनाला आणि शरीराला जे पीडा देतं ते शल्य. मन आधी आलंय. अवजारांच्या यादीत! ते वाक्य मी वहीत उतरवून घेतलं आणि मला तो शब्द पुन्हा पहिल्यापासून ऐकू आला.

हा विचार एकट्या सुश्रुतांचाही नाही. जैन परंपरेत माया (कपट), मिथ्यात्व (खोटी श्रद्धा) आणि निदान (इथे अर्थ, फळाची आस) अशी तीन शल्यं मानतात आणि जो निःशल्य तोच व्रती असं म्हणतात. पाली ग्रंथांत बुद्धांना सल्लकत्त, म्हणजे शल्यवैद्य, म्हटलंय. रामायणात हनुमानाने जो पर्वत आणला त्यावरच्या एका वनस्पतीचं नाव विशल्यकरणी. आणि बाणांच्या शय्येवर पडलेल्या भीष्मांकडे शल्य काढण्यात कुशल वैद्य आणले गेले, तेव्हा त्यांनी त्यांना मान देऊन परत पाठवलं. सगळ्यांसमोर चित्र एकच आहे: काहीतरी बाहेरून आलं, आत रुतलं आणि तिथेच राहिलं.

आधुनिक संशोधनातही याचा धागा सापडतो. २००३ मध्ये मानसशास्त्रज्ञ नाओमी आयझेनबर्गर आणि सहकाऱ्यांनी संगणकावरच्या चेंडूफेकीच्या खेळातून माणसाला मुद्दाम वगळलं आणि त्या वेळचा त्याचा मेंदू पाहिला. शारीरिक वेदनेत जो भाग उद्दीपित होतो त्यातला एक भाग त्या अवहेलनेतही उद्दीपित झालेला दिसला. पुढच्या अभ्यासांनी दाखवलं की दोन्ही वेदनांचे मेंदूतले आकृतिबंध बारकाईने पाहिले तर वेगळे आहेत. म्हणजे दोन्ही दुखणी एकच नव्हेत, पण शेजारी राहणारी आहेत.

सल, अढी, आकस, डूख, खंत… सगळं एकच ना?

नाही, आणि हा फरक कळला तर अर्धं काम होतं.

डूख धरतो तो साप. त्यात सूड आहे, पुढे कधीतरी दंश करायचा बेत आहे. आकस असला की माणूस समोरच्याच्या वाट्याचं चांगलं अडवून धरतो. वरिष्ठाच्या मनात आकस असेल तर बढतीची फाइल पुढे सरकत नाही. अढी म्हणजे मनाला पडलेली घडी: ते नाव निघालं की चेहरा आखडतो. या तिन्हींचं तोंड दुसऱ्याकडे आहे. खंत आपल्याकडे वळलेली असते, 'मी हे करायला हवं होतं' अशी.

सल या सगळ्यांच्या मधोमध आहे. तो दुसऱ्याने दिलेला असतो पण दुखतो आपल्याला, आणि दुसऱ्याला बहुतेक वेळा त्याचा पत्ताही नसतो. सलाची काळजी घेतली नाही तर त्याची अढी होते, अढीचा आकस होतो. जखम चिघळते तसंच. 'चिघळणं' हाही आपण दोन्हीकडे वापरतो, जखम चिघळते आणि भांडणही चिघळतं.

म्हणून "माझ्या मनात तिच्याविषयी फार कडवटपणा आहे" असं कुणी म्हणालं की मी विचारते, तिचं वाईट व्हावं असं वाटतं का? बहुतेक जण थबकतात. "नाही हो, वाईट कशाला व्हावं? फक्त तिने ते बोलायला नको होतं." म्हणजे तो सल आहे. स्वतःला खुनशी समजून ती व्यक्ती उगाच शरमत असते.

महाभारतातल्या शल्य राजाचा याच्याशी काही संबंध?

शब्द तोच. मद्र देशाचा राजा, नकुल-सहदेवांचा मामा, नाइलाजाने कर्णाचा सारथी झाला आणि युधिष्ठिराला दिलेल्या वचनाप्रमाणे ऐन युद्धात कर्णाला टोचून बोलत राहिला. नाव शोभून दिसतं.

मनात सल आहे की नाही हे ओळखायचं कसं? मला तर वाटतं मी सगळं विसरले आहे.

या प्रश्नावर मी सगळ्यात जास्त वेळ घेते.

सुश्रुतांचा एक अख्खा अध्याय हरवलेल्या शल्यावर आहे, म्हणजे जखम वरून भरली आहे पण आतलं टोक कुठे आहे ते कळत नाही अशा स्थितीवर. त्वचेत लपलेलं शल्य शोधायला ते सांगतात: त्या भागावर थिजलेलं तूप किंवा माती-चंदनाचा लेप लावा. जिथे तूप पटकन वितळेल किंवा लेप आधी सुकेल तिथे शल्य आहे, कारण तिथे ऊब जास्त आहे. शल्य शिरांमध्ये, स्नायूंमध्ये खोल असेल तर रुग्णाला तुटक्या चाकाच्या वाहनात बसवा आणि खडबडीत रस्त्यावरून वेगाने न्या. धक्क्याने जिथे दुखेल तिथे ते आहे.

मनाचंही मला असंच दिसतं. सपाट रस्त्यावर कुणालाच काही सलत नाही. धक्का बसला की कळतं.

माझंच सांगते. बाबांच्या शेवटच्या आजारपणात दादाने मला दोन दिवस उशिरा कळवलं. मी पोचले तेव्हा ते बोलत नव्हते. दादाशी मी भांडले नाही. उलट पुढचं सगळं आम्ही दोघांनी मिळून निभावलं. मी सगळ्यांना सांगायची की माझ्या मनात काही नाही, आणि ते मला खरंच वाटायचं. पण कुणी सहज विचारलं, "तू शेवटी भेटलीस ना गं त्यांना?", की माझा हात आपोआप गळ्याकडे जायचा आणि मी दादा बसलेल्या खोलीतून उठून जायची. हे एका मावशीने माझ्या लक्षात आणून दिलं. तोवर नऊ वर्षं गेली होती.

तेव्हा लक्ष ठेवायचं ते अशा ठिकाणांवर. कुठल्या नावाला तुमचा आवाज बदलतो, कुठल्या विषयावर तुम्ही वाजवीपेक्षा जास्त समजूतदार होता, कोणती हकीकत सांगताना तुमचे शब्द दर वेळी अगदी तेच असतात. तूप तिथे वितळतं.

"झालं गेलं, सोडून द्या" असं सगळे म्हणतात. त्यात चूक काय?

हेतू चांगला असतो. पण वॉर्डातलं एक तत्त्व सांगते.

गळू फोडून पू काढल्यावर ती पोकळी आम्ही लगेच टाके घालून बंद करत नाही. नातेवाइकांना हे विचित्र वाटतं. "सिस्टर, एवढी उघडी जखम? शिवून टाका ना." पण वरून शिवली तर आत पोकळी राहते, तिथे पुन्हा पू साठतो आणि चार दिवसांनी ताप चढतो. म्हणून सलाइनने भिजवलेली गॉजची पट्टी चिमट्याने हलकेच आत भरायची, ठासून नाही, आणि रोज बदलायची. जखम तळापासून भरत वर आली पाहिजे. आधी तळाशी दाणेदार लालसर मांस दिसू लागतं. अनुभवी सिस्टर ते पाहून मनातल्या मनात खूश होते. मग पोकळी उथळ होते, पट्टी आखूड लागते आणि शेवटी कडेची कातडी सरकत मध्ये येते. याला आठवडे लागतात. घाई करता येत नाही.

'सोडून दे' म्हणणं म्हणजे पहिल्याच दिवशी टाके घालणं. ऐकणारा बिचारा तसंच करतो, कारण वरून मिटलेली जखम सगळ्यांना बघायला बरी वाटते. घरात वातावरण चांगलं राहतं. आणि आतलं दुखणं आता त्याचा दोष ठरतं: 'इतकी वर्षं झाली तरी हिचं अजून तेच.'

ज्यांना हे ऐकवलं जातं त्यांना मला मनापासून सांगायचंय की तुमचा स्वभाव वाईट नाही. आत काहीतरी राहिलंय. त्यासाठी तळापर्यंत पोचावं लागेल, आणि ते हळूहळू.

मग सगळा राग एकदाचा बाहेर काढला की बरं वाटतं का?

लोकांचा यावर फार विश्वास आहे. मनातली मळमळ ओकून टाकायची. (हाही शब्द दवाखान्यातलाच.) पण आदळआपट करून राग निवतो याला संशोधनाचा आधार मिळत नाही. मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांच्या २००२ च्या प्रयोगात, ज्याने अपमान केला त्याचा विचार करत बॉक्सिंगच्या पिशवीवर ठोसे मारणाऱ्यांचा राग काहीच न करणाऱ्यांपेक्षा जास्त राहिला. खपली काढल्यावर क्षणभर बरं वाटतं, तसं ते आहे.

त्याच त्या प्रसंगाचा रवंथ करणंही उपयोगी नाही. मैत्रिणीला फोन करून दहाव्यांदा तीच हकीकत त्याच शब्दांत सांगितली तर जखम रोज तेवढीच उघडते, भरत काहीच नाही.

लिहिण्याचा मात्र अनेकांना उपयोग होतो. मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांना सलग ४ दिवस रोज १५ मिनिटं त्यांच्या आयुष्यातल्या क्लेशकारक घटनेबद्दल लिहायला सांगितलं होतं. लिहून झाल्यावर लगेच त्यांना उदास वाटलं, पण पुढच्या महिन्यांत घटना आणि भावना दोन्ही लिहिणाऱ्यांच्या आरोग्यकेंद्रातल्या फेऱ्या कमी झाल्या. नंतरच्या शेकडो अभ्यासांत परिणाम छोटा आणि माणसागणिक वेगळा दिसला, तेव्हा हा रामबाण उपाय समजू नका. लिहिताना बोलण्यापेक्षा एक गोष्ट वेगळी होते. बोलताना आपण ऐकणाऱ्याला आपल्या बाजूला ओढत असतो. वहीला ओढायची गरज नसते, म्हणून तिथे कधीतरी खरं वाक्य उतरतं. मी पहिले तीन दिवस दादाविरुद्ध खटला लिहिला. चौथ्या दिवशी लिहिलं, 'मी बाबांना पाणी पाजू शकले नाही.' टोक ते होतं.

प्रत्येक शल्य काढलंच पाहिजे का?

नाही! हे ठळक लक्षात ठेवा, शरीराच्या बाबतीत तर नक्कीच.

अपघातात एखादी वस्तू खोल रुतली असेल, सुरी, सळई, काचेचा मोठा तुकडा, तर ती जागेवर ओढून काढू नका. कदाचित तिनेच फाटलेली रक्तवाहिनी दाबून धरलेली असते. तिच्या दोन्ही बाजूंना कापडाच्या गुंडाळ्या ठेवून ती हलणार नाही अशी बांधा आणि रुग्णाला रुग्णालयात न्या. तिथे रक्ताची आणि शस्त्रक्रियेची तयारी करूनच ती काढतात. कातडीतलं बारीक कुसळ मात्र हात धुऊन, स्वच्छ चिमट्याने, ज्या कोनात शिरलं त्याच कोनात मागे ओढून काढायला हरकत नाही. आणि डोळ्यात काही रुतलं असेल तर घरी काहीच करू नका.

सुश्रुतांनाही हे ठाऊक होतं. त्यांनी सांगितलेल्या १०७ मर्मांपैकी, म्हणजे शरीरातल्या नाजूक जागांपैकी, तीन मर्मांना त्यांनी विशल्यघ्न असं नाव दिलंय. तिथे शल्य आहे तोवर रुग्ण जगतो, पिकून आपोआप पडलं तरी जगतो. उपटून काढलं तर दगावतो.

मनातही अशा जागा असतात. ज्याने दुखावलं तो आता अंथरुणाला खिळलाय, किंवा ज्या घरात राहायचंय त्या घराचा आधारच त्या न बोलण्यावर उभा आहे, किंवा तुम्ही स्वतः आत्ता दुसऱ्याच संकटात आहात. अशा वेळी 'मनमोकळं बोलून टाका' हा सल्ला धोक्याचा ठरू शकतो. भोवती गुंडाळ्या ठेवून बांधणं आणि तयारी होईपर्यंत थांबणं हाही उपचारच आहे. समोरचा माणूस अजूनही इजा करत असेल तर आधी त्याच्यापासून दूर होणं महत्त्वाचं. बाण येणं थांबल्याशिवाय शल्य काढायला बसत नाहीत.

त्यांनी माफीच मागितली नाही. मग माझा सल जाणार कसा?

माफ करणं आणि पुन्हा जवळ जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे क्षमेवर अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञही स्पष्ट सांगतात. क्षमा एकट्याने करता येते. सलोख्याला दोघं लागतात, आणि तो विश्वासावर अवलंबून असतो.

पण मी याहून साधं उत्तर देते. टाचेतला काटा काढताना झाडाची परवानगी लागत नाही. माफी मिळाली तर सोपं जातं, फार सोपं जातं. नाही मिळाली तरी टोक तुमच्या शरीरात आहे आणि चिमटा तुमच्या हातात आहे. 'त्यांनी चूक केली' हे तुमचं म्हणणं तुम्हाला मागे घ्यावं लागत नाही.

हा मानसिक आजार आहे का? डॉक्टरांकडे कधी जावं?

सल असणं हा आजार नाही. पण तो आयुष्य व्यापून टाकू शकतो. जर्मनीच्या एकीकरणानंतर नोकरी, मान, ओळख गमावलेल्या काही लोकांमध्ये बर्लिनचे मनोविकारतज्ज्ञ मिखाएल लिंडेन यांना एक विशिष्ट चित्र दिसलं: अन्याय झाल्याची तीव्र भावना, तीच घटना पुन्हापुन्हा मनात येणं, असहायता, आणि मदतच नाकारणं. २००३ मध्ये त्यांनी त्याला आघातोत्तर कटुता विकार असं नाव सुचवलं. आजारांच्या जागतिक वर्गीकरणांत त्याला अजून स्वतंत्र निदान म्हणून स्थान नाही, पण अनेक तज्ज्ञ ही संकल्पना वापरतात.

झोप उडाली असेल, काम होत नसेल, दिवसाचा मोठा भाग त्याच विचारात जात असेल, सूडाचे बेत मनात येत असतील किंवा जगणं नको वाटत असेल तर वाट पाहू नका. मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. शेवटचं लक्षण असेल तर आजच.

इतर भाषांतही दुखण्याचाच शब्द वापरतात का?

बऱ्याच ठिकाणी. इंग्रजी 'रँकल' म्हणजे मनात सलत राहणं. तो जुन्या फ्रेंचमधल्या चिघळलेल्या फोडाच्या शब्दावरून आला आणि तो फोड लॅटिन 'द्राकुन्कुलस'वरून, म्हणजे छोटा साप. आपला डूख आठवला ना? नारूच्या कृमीचं शास्त्रीय नावही द्राकुन्कुलसच. नारू काढायची रीत जुन्या सिस्टर सांगायच्या: फोडातून टोक बाहेर आलं की ते काडीला गुंडाळायचं आणि रोज थोडं थोडं, काही सेंटीमीटर, ओढायचं. जोर लावला तर तो आत तुटतो आणि भयंकर सूज येते.

मनातल्या शल्यावर जुन्या वैद्यांनी काही उपाय सांगितलाय का?

सांगितलाय, आणि तोही शल्यतंत्राच्याच पानावर. शल्य बाहेर काढण्याचे १५ उपाय सुश्रुत मोजतात. पहिला उपाय स्वभाव: शरीर स्वतःच बाहेर टाकतं, जसं डोळ्यातला कण अश्रूंबरोबर वाहून जातो. मग पिकवणं, फोडणं, दाबणं, धुणं, चोखणं असं करत चौदावा येतो लोहचुंबक, लोखंडी आणि सैल बाणाग्रासाठी. आणि पंधरावा: हर्ष. हृदयात रुतलेलं शोकाचं शल्य हर्षाने काढावं.

तिथे शब्द शोक आहे, राग नाही. पण माझ्या वहीतल्या चौथ्या दिवसानंतर मला त्या दोहोंत फार अंतर दिसेनासं झालं.

दादाची मुलगी तेव्हा आठ वर्षांची होती. सायकलवरून पडून गुडघा खरचटून आली आणि हट्टाने म्हणाली, "आत्याच पट्टी करणार." मी जखम धूत होते, दादा कापसाचा बोळा धरून उभा होता आणि जखमेकडे बघून तोच पांढराफटक पडत चालला होता. ती ओरडली, "आत्या, आधी बाबांना पट्टी कर!" आम्ही तिघंही इतके हसलो की माझ्या हातातला चिमटा खाली पडला. हसू ओसरता ओसरता मी बोलून गेले, "दादा, तू मला दोन दिवस कळवलं नाहीस, ते मला सलतं रे."

तो लगेच काही बोलला नाही. बोळा तसाच हातात. मग म्हणाला, "मला वाटलं होतं ते घरी येतील. त्यांच्या चपला मी गाडीत ठेवल्या होत्या, येताना घालायला."